पंचविसाव्या हिश्शाची गाडी

खेळणे आणि प्रतिकृती या दोन वस्तू दुरून सारख्या दिसल्या, तरी त्यांचा स्वभाव अगदी भिन्न असतो. खेळण्यातली मोटार मोटारीसारखी दिसली म्हणजे पुरे. तिची चाके वाजवीपेक्षा मोठी असली किंवा दारे नुसती रंगवलेली असली, तरी मुलाची तक्रार नसते. प्रतिकृती मात्र मूळ वस्तूला बांधील असते. मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच संख्येने भागून ती घडवावी लागते आणि ती संख्या मध्येच बदलण्याची मुभा कोणालाही नसते. अशा कडक बांधिलकीत राहूनही करणाऱ्याला स्वतःचे काही सांगता येते, हे ज्या छंदात विशेष स्पष्टपणे दिसून येते, त्याचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत. पिकअप ट्रकच्या प्रतिकृतींचे सुटे संच जोडणे आणि जोडता जोडता त्यांत आपल्या मनाजोगते फेरफार करणे, हा तो छंद. तो वाढला अमेरिकेत, आणि त्या देशातील पिकअपचा इतिहास समजून घेतल्याखेरीज त्याचे मर्म कळत नाही.

पुढे चालकाची केबिन, मागे उघडा हौदा आणि हौद्याच्या टोकाला खाली पाडता येणारा फाळका, असे पिकअपचे साधे रूप असते. आपल्याकडे भाजी मंडईत, बांधकामाच्या जागी, गॅस सिलिंडरच्या गोदामाबाहेर ही गाडी रोज दिसते. टाटा मोटर्सने २००५ साली बाजारात आणलेल्या ‘एस’ या छोट्या मालवाहू गाडीला लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे लाडके नाव दिले, ते या जातीच्या गाड्यांशी सामान्य माणसाचे नाते किती जवळचे आहे याचे द्योतक आहे. अमेरिकेत हे नाते जुने आहे. तेथे प्रारंभी कारखान्यात तयार झालेली पिकअप मिळतच नसे. शेतकरी आणि छोटे दुकानदार साध्या मोटारीचा मागचा भाग काढून टाकत आणि तेथे लाकडी पेटी बसवून घेत. लोक हे उद्योग घरोघरी करीत आहेत हे पाहून फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला कारखान्यातच हौदा बसवून दिला व ती २८१ डॉलरला विकायला काढली. म्हणजे पिकअप ही मुळातच फेरफारातून जन्मलेली गाडी आहे. आधी मालकाने कापाकापी केली आणि मागाहून कारखान्याने तिचे अनुकरण केले. पुढे प्रतिकृती करणारे या गाडीला हात घालताना इतके निःशंक का असतात, याचे एक उत्तर येथेच मिळते.

प्रतिकृतींच्या संचांचा उगमही मोटारींच्या व्यापारातच आहे. १९४८ साली मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या परिसरात, ‘एएमटी’ नावाची कंपनी स्थापन झाली. या आद्याक्षरांचा मूळ अर्थ ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉईज’ असा होता. पण ॲल्युमिनियम लवकरच मागे पडले आणि प्लास्टिक आले. ही कंपनी मोटारविक्रेत्यांसाठी नव्या गाड्यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती बनवीत असे. गिऱ्हाईक दुकानात आले की त्याला, किंवा त्याच्याबरोबर आलेल्या मुलाला, ही छोटी गाडी दाखवायची अथवा भेट द्यायची, असा रिवाज होता. कारखानदार आपल्या नव्या गाडीची मापे स्वतःहून पुरवीत, त्यामुळे या प्रतिकृती बऱ्याच अचूक असत. पुढे कंपनीच्या ध्यानात आले, की जोडलेल्या गाडीपेक्षा न जोडलेली गाडी मुलांना अधिक हवीशी वाटते. १९५८ साली तिने ‘एकात तीन’ या प्रकारचे संच बाजारात आणले. एकाच खोक्यात एकाच गाडीचे तीन अवतार घडवण्याइतके सुटे भाग असत : कारखान्यातून निघाली तशी गाडी, मालकाने हौसेने सजवलेली गाडी आणि शर्यतीची गाडी. यांपैकी कोणती करायची, हा निर्णय घेणाऱ्याचा. ही कल्पना विलक्षण यशस्वी झाली. कॅलिफोर्नियातील रेव्हेल आणि शिकागोची मोनोग्राम या कंपन्याही या क्षेत्रात होत्याच. मोटारींना चित्रविचित्र रूप देण्यात नाव कमावलेल्या जॉर्ज बॅरिस यांची एएमटीने आणि एड रॉथ यांची रेव्हेलने मदत घेतली. खऱ्या गाडीवरचे प्रयोग आणि टेबलावरचे प्रयोग असे हातात हात घालून चालले होते.

त्याच काळात जनरल मोटर्सच्या आश्रयाने चालणारी ‘फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड’ ही स्पर्धा अमेरिकन मुलांमध्ये गाजत होती. १९३० ते १९६८ या काळात ती चालली. स्पर्धक मुलांनी आपल्या कल्पनेतील मोटारीची प्रतिकृती स्वतः घडवून पाठवायची आणि विजेत्यांना शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळायची, असे तिचे स्वरूप होते. त्यांतील काही मुले पुढे मोटारींचे आराखडे करणारे व्यावसायिक झाली. तेव्हा हा केवळ फावल्या वेळाचा विरंगुळा होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

आता प्रमाणाकडे वळू. या संचांत दोन प्रमाणे रूढ आहेत : १:२५ आणि १:२४. एक फुटाला अर्धा इंच असे मोजले की १:२४ हे प्रमाण येते. एएमटीने १:२५ धरले. दोन्हींत फरक तो काय, असे वाटेल. म्हणून एक उदाहरण पाहू. फोर्ड कंपनीने १९५३ साली ‘एफ-१००’ ही पिकअप बाजारात आणली. तिच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर ११० इंच, म्हणजे २७९.४ सेंटिमीटर होते. २५ ने भागल्यास ते सुमारे ११.२ सेंटिमीटर होते, आणि २४ ने भागल्यास सुमारे ११.६. ही तफावत अर्ध्या सेंटिमीटरच्या आतबाहेरची आहे. परंतु तिला पुन्हा पंचवीसपट केले, तर खऱ्या गाडीत ती जवळजवळ १२ सेंटिमीटर भरते. एका प्रमाणाच्या संचातील चासी दुसऱ्या प्रमाणाच्या गाडीखाली बसवली, तर चाके मडगार्डाच्या मधोमध न येता सरकलेली दिसतात, ती यामुळेच. डोळा या बाबतीत फार कठोर परीक्षक आहे. त्याला आकडे ठाऊक नसतात, पण काहीतरी बिघडले आहे हे तो तत्काळ ओळखतो. मुरलेले कारागीर ‘पंचवीसने गुण’ असा एक नियम मनाशी बाळगतात. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे अडीच सेंटिमीटर. दारातील फट अर्धा मिलिमीटर दिसत असेल, तर खऱ्या गाडीच्या दारात माणसाचे बोट सहज जाईल. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस या जगात सात सेंटिमीटरांचा होतो.

संचाचा खोका उघडला, की प्लास्टिकच्या चौकटींना फांदीवरच्या फळांसारखे लगडलेले भाग दिसतात. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरिन. ते तापवून पातळ करतात, मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवतात आणि थंड झाल्यावर बाहेर काढतात. साच्याचे दोन अर्धे जेथे मिळतात, तेथे भागावर बारीक रेघ उमटते. साचा झिजलेला असेल, तर त्या रेघेतून पापुद्रा बाहेर आलेला असतो. भाग साच्यातून ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसेही मागच्या बाजूस राहतात. हे सारे पात्याने, कानशीने आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने काढून टाकणे हे पहिले काम. नवशिक्या माणसाला हे कंटाळवाणे वाटते आणि तो थेट जोडायला धावतो. पण रंग लागल्यावर ती रेघ झाकली जाण्याऐवजी अधिकच ठळक होते, कारण चकचकीत रंगावर प्रकाश पडला की प्रत्येक उंचवटा बोलू लागतो.

जोडण्यासाठी जे द्रव वापरतात, त्याला आपण सवयीने गोंद म्हणतो, पण तो गोंद नव्हे. ते द्रावक असते. ते दोन्ही भागांचे पृष्ठ क्षणभर विरघळवते, दोन्हींतील रेणू एकमेकांत मिसळतात, आणि द्रावक उडून गेले की दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. लोखंडाच्या वेल्डिंगशी याचे साम्य अधिक. म्हणून हे द्रव थोडेच लावावे लागते. जास्त झाले तर भागाचा नाजूक नक्षीदार पृष्ठभागच वितळून जातो. बंपर, जाळी यांसारख्या चकाकत्या भागांवर मात्र ते चालत नाही, कारण त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. जोडाच्या जागेवरचा तो थर आधी खरवडावा लागतो. काचांसाठी तर वेगळाच उपाय. झटपट चिकटणाऱ्या सुपर ग्लूची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसली, की काच कायमची धुरकट होते. म्हणून तेथे लाकूडकामाचा साधा पांढरा गोंद वापरतात. द्रावक असो वा रंग, काम खिडकी उघडी ठेवून करावे, हे वेगळे सांगायला नको.

जुन्या संचांची एक खोड येथेच सांगून टाकतो. त्यांचे टायर मऊ व्हिनाइलचे असत. व्हिनाइल मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि लगतच्या पॉलिस्टायरिनला खाऊ लागते. पंधरा-वीस वर्षे न उघडलेला खोका हौसेने उघडावा, तर टायर ज्या भागावर पडून राहिला त्यावर त्याचा गोल खड्डा कोरलेला आढळतो. जाणकार लोक जुना खोका घरी आणल्यावर प्रथम टायर बाजूला काढून निराळ्या पिशवीत घालतात.

रंगाच्या कामात प्रमाणाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी तो अधिक अवघड असतो. गाडी पंचविसाव्या हिश्शाची करता येते. रंग कसा करणार? खऱ्या मोटारीवरील रंगाची जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर असते. तेवढाच थर प्रतिकृतीवर चढला, तर खऱ्या गाडीच्या हिशेबाने तो अडीच मिलिमीटर जाडीचा झाला. इतक्या जाड रंगाखाली दारांच्या रेघा बुजतात आणि बॉनेटवरची अक्षरे साखरेच्या पाकात बुडाल्यासारखी दिसतात. यावर उपाय म्हणजे रंगवण्यापूर्वीच दारांच्या रेघा टोकदार हत्याराने किंचित खोल करून घ्यायच्या, करडा प्रायमर विरळ मारायचा आणि त्यावर रंगाचे एकच जाड लेपन न करता अनेक विरळ फवारे द्यायचे. धातूची चमक असलेला रंग निवडताना त्यातील कणांकडेही पाहावे लागते. खऱ्या गाडीसाठी तयार केलेल्या रंगातील चमकीचे कण प्रतिकृतीवर वाळूच्या खड्यांएवढे मोठे दिसतात. थर वाळल्यावर अतिशय बारीक पेपरने पाण्याखाली घासून पॉलिश केले, म्हणजे गाडीला खोल चकाकी येते. आणखी एक सावधगिरी हवी. इनॅमल रंगावर लॅकर मारू नये; लॅकरमधील उग्र द्रावक खालच्या थराला सुरकुत्या पाडते. याच्या उलट क्रम सहसा निभावतो.

रंगाचा विषय निघाला आहे, तर एक गमतीदार तपशील नोंदवण्यासारखा आहे. शेव्हरोले कंपनीने १९५५ साली ‘कॅमिओ कॅरियर’ नावाची पिकअप काढली. तोवर पिकअपच्या हौद्याच्या दोन्ही बाजूंना मडगार्डे फुगून बाहेर आलेली असत. कॅमिओच्या हौद्याला बाहेरून फायबरग्लासचे पत्रे लावून तिच्या बाजू केबिनच्या रेषेत गुळगुळीत करण्यात आल्या. कामाची गाडी प्रथमच ऐटीत मिरवायची गाडी झाली. पहिल्या वर्षी ती एकाच रंगसंगतीत मिळत असे. त्यातील लाल रंगाचे नाव होते ‘कमर्शियल रेड’ आणि दुधी रंगाचे ‘बॉम्बे आयव्हरी’. मुंबईचे नाव मिशिगनमधील रंगाच्या डब्यावर कसे गेले असेल ते असो. पण १९५५ ची अस्सल कॅमिओ करू पाहणाऱ्या कोणत्याही देशातील कारागिराला आजही मुंबईच्या नावाचा हा हस्तिदंती रंग शोधावाच लागतो. एएमटीच्या नावाने या गाडीचा संच निघालेला आहे.

कारखान्यातून निघाली तशी गाडी बिनचूक करणे हेही सोपे काम नाही. १९५३ च्या एफ-१०० मध्ये फोर्डचे जुन्या धाटणीचे, बाजूला झडपा असलेले व्ही-८ इंजिन असे. वर झडपा असलेले नवे व्ही-८ पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये आले. समोरची वळसा घेणारी काच आली १९५६ च्या गाडीला. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर ती गाडी कोणत्याच सालची नसते. पण येथेच फेरफाराचे दार उघडते, कारण खरे मालकही जुन्या गाडीत नवे इंजिन घालीतच असत. प्रश्न इतकाच, की करणाऱ्याने ते जाणून केले आहे की अजाणता.

फेरफारांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे टप बुटके करणे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण आपल्या गाड्यांच्या खिडक्यांचे खांब कापून छप्पर खाली आणत. त्यामुळे गाडी दबा धरून बसलेल्या जनावरासारखी दिसे. प्रतिकृतीत हे करायचे, तर किती कापायचे हे आधी ठरवावे लागते. तीन इंचांची कपात हवी असेल, तर २५ ने भागून सुमारे तीन मिलिमीटर. करवतीची पातळ पात घेऊन सर्व खांब एका पातळीत कापावेत, तीन मिलिमीटरांची चकती काढावी आणि छप्पर परत ठेवावे, असे ऐकायला वाटते. प्रत्यक्षात छप्पर बसतच नाही. कारण केबिन वर निमुळती होत जाते. समोरचे खांब मागे कललेले असतात आणि मागची भिंत किंचित पुढे झुकलेली असते. मधली चकती काढल्यावर खालचा तोंडवळा मोठा आणि वरच्या छपराची कड लहान, अशी अवस्था होते. शंकूच्या आकाराच्या पेल्यातून मधली कडी कापून काढली, तर वरचा व खालचा भाग जुळणार नाही, तसेच हे.

यातून सुटण्याचे मार्ग दोन. समोरचे खांब बुडाशी अर्धवट चिरून आणखी मागे कलवायचे, म्हणजे ते छपराच्या कडेला जाऊन मिळतात. यात समोरच्या काचेचा कल बदलतो आणि गाडी अधिक वेगवान भासते. दुसरा मार्ग अधिक कष्टाचा. छपराचेच आडवे दोन तुकडे करायचे, ते खांबांपर्यंत पुढे-मागे सरकवायचे आणि मधल्या फटीत प्लास्टिकची पट्टी बसवून लांबी भरायची. लांबी वाळली की घासायची, प्रायमर मारायचा, खळगे दिसतील तेथे पुन्हा भरायची. हे तीन-चार वेळा तरी करावे लागते. त्यानंतर काचा. बाजूच्या सपाट काचा पारदर्शक पत्र्यातून नव्याने कापता येतात, पण समोरची वक्र काच संचातील घेऊनच कमी करावी लागते, आणि ते ठिसूळ प्लास्टिक शेवटच्या घासण्याला तडकण्याची शक्यता असते. एवढे असूनही टप बुटके करण्याचा पहिला धडा पिकअपवर गिरवावा, असे अनुभवी लोक सांगतात, व ते योग्यच आहे. चारचौघे बसतील अशा मोटारीचे छप्पर लांब आणि उतरते असते. पिकअपचे आखूड असते, त्याला मागे उतार नसतो आणि दारे दोनच असतात. चूक झाली तरी ती लहान जागेत राहते.

गाडी जमिनीलगत आणणे हा दुसरा लोकप्रिय फेरफार. प्रतिकृतीत आसाची जागा पाट्यांच्या खालून वर नेली किंवा पाटे थोडे सपाट केले, की काम होते. चाक मडगार्डाला आतून घासत नाही ना, एवढे पाहायचे. खऱ्या जगात मात्र या तीन मिलिमीटरांमागे मोठा संघर्ष आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांमध्ये जुन्या गाड्या खाली आणून संथ गतीने रस्त्यावरून मिरवण्याची पद्धत रूढ झाली होती. वेगाच्या वेडाला दिलेले ते एक उत्तरच होते. १९५८ पासून त्या राज्यात असा कायदा लागू झाला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या धातूच्या कडीच्या खालच्या टोकापेक्षा खाली येता कामा नये. कायद्याला उत्तर म्हणून या लोकांनी द्रवाच्या दाबावर चालणारे पंप गाडीखाली बसवले. मिरवताना गाडी खाली, पोलीस दिसला की कळ दाबून वर! हा कायदा अखेर रद्द झाला आणि तो बदल १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. सहा दशकांहून अधिक काळ एका समाजाने आपली आवड कशी सांभाळली, याची ही कहाणी आहे. खाली आणलेल्या पिकअपची प्रतिकृती करणाऱ्याला ती ठाऊक असेल, तर तो हौद्यात पंप आणि बॅटऱ्या बसवील. ठाऊक नसेल, तर त्याची गाडी नुसतीच बुटकी दिसेल.

प्रस्तुत लेखकाला या सर्वांपेक्षा अधिक मोलाचा वाटतो तो तिसरा प्रकार, आणि त्यात कापाकापी अगदी थोडी असते. गाडी कामावर गेलेली दाखवायची. पिकअप ही राबणारी गाडी आहे. वीस वर्षे राबलेल्या गाडीच्या अंगावर तिच्या मालकाचा व्यवसाय लिहिलेला असतो. तो वाचता यावा लागतो. वीटकामाचा हौदा मधोमध ठोकरलेला असतो, तर दुधाचे कॅन वाहणाऱ्या हौद्यात गोल घासण्याच्या खुणा असतात. फाळक्याची वरची कड सर्वांत आधी झिजते, कारण सारा माल तिच्यावरून ओढला जातो. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो; म्हणून डाव्या दाराचा उंबरा व हँडलभोवतीचा रंग उजवीकडच्यापेक्षा अधिक उडालेला असतो. गंज कोठेही लागत नाही. जेथे चिखल आणि पाणी साचते तेथे, म्हणजे दारांच्या तळाशी, केबिनच्या मागच्या कोपऱ्यांत आणि मडगार्डाच्या आतल्या वळणावर तो धरतो. छपराच्या मध्यावर गंजाचे डाग आणि दारांचे तळ कोरे, अशी प्रतिकृती कितीही कौशल्याने रंगवलेली असो, ती खोटे बोलते.

गंज दाखवण्याची एक सोपी युक्ती स्वयंपाकघरातल्या मिठाने साधते. आधी भागाला तांबूस-तपकिरी रंग द्यायचा. तो वाळल्यावर ठरलेल्या जागा पाण्याने ओलसर करून तेथे मिठाचे खडे चिकटवायचे. पाणी सुकले की वरून गाडीचा रंग फवारायचा आणि शेवटी मीठ बोटाने चोळून झाडून टाकायचे. खडे होते तेथे खालचा गंज उघडा पडतो आणि त्याच्या कडा खऱ्याखुऱ्या पोपड्यांसारख्या वेड्यावाकड्या येतात. हौद्याची जमीनही लक्ष देण्याजोगी असते. १९५० च्या दशकातील पिकअपच्या हौद्यात लाकडी फळ्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्ट्या असत. तेथे खरे लाकूड बसवण्याचा मोह होतो. पण लाकडाच्या रेषांना पंचविसाने भागता येत नाही; त्या फळीएवढ्या जाड दिसतात आणि हौदा कोणा राक्षसी वृक्षातून कापल्यासारखा भासतो. प्लास्टिकवर बारीक ब्रशने काढलेले लाकूड येथे लाकडापेक्षा खरे दिसते.

आता साच्यांविषयी, कारण या छंदाचे भवितव्य त्यांच्यावर अवलंबून आहे. मोटारीचे कारखाने दरवर्षी गाडीची जाळी, दिवे, पट्ट्या बदलत. संच काढणाऱ्या कंपन्यांनाही त्यांच्याबरोबर बदलावे लागे. पोलादी साचा नव्याने घडवणे अतिशय खर्चिक. म्हणून जुन्या साच्यातच कोरीवकाम करून, क्वचित भर घालून, त्याला पुढच्या सालचा केला जाई. जो साचा असा बदलला, त्यातून आदल्या सालची गाडी पुन्हा निघू शकत नसे. खऱ्या गाडीला नवे रूप देणाऱ्या मालकाजवळ निदान एक जुनी गाडी शेजारी शिल्लक असते. येथे मूळ रूपच नाहीसे झाले. तेव्हा कोणालाच त्याची खंत नव्हती, कारण हे संच मुलांनी जोडावेत, खेळावेत आणि मोडावेत अशाच अपेक्षेने विकले जात. आज त्यांतील न जोडलेल्या खोक्यांना मोठी किंमत येते.

कंपन्यांनीही बरेच हेलकावे खाल्ले. रेव्हेल आणि मोनोग्राम १९८६ साली एक झाल्या. २०१८ साली रेव्हेलची तत्कालीन मालक असलेली अमेरिकन कंपनी हॉबिको दिवाळखोरीत गेली व रेव्हेल हे नाव जर्मन गुंतवणूकदारांच्या हाती गेले. एएमटीच्या नावाने आता इंडियाना राज्यातील ‘राउंड टू’ ही कंपनी संच काढते. फ्लोरिडाच्या मोबियस कंपनीने तर १९६० व १९७० च्या दशकांतील फोर्ड पिकअपचे नवेकोरे साचे घडवले, ही आशादायक गोष्ट आहे. हरवलेल्या रूपांच्या बाबतीत हौशी लोकांनी आपला मार्ग काढला आहे. एखाद्या जुन्या प्रतिकृतीवरून रबराचा साचा घ्यायचा आणि त्यात रेझिन ओतून नवे भाग काढायचे. अशा भागांना पॉलिस्टायरिनचे द्रावक चिकटवू शकत नाही, सुपर ग्लू लागतो. आणि रेझिन घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांना अपायकारक असल्याने ते पाण्याखाली, तोंडाला मास्क लावून घासावे लागते. अलीकडे संगणकावर भाग रेखून त्रिमितीय छपाई यंत्रावर काढण्याचीही सोय झाली आहे. पूर्वी ज्या आरशासाठी चार संच धुंडाळावे लागत, तो आता रात्रीत छापून होतो.

मात्र यामुळे छंदात एक वाद उभा राहिला आहे. जुना, न उघडलेला खोका जोडावा की तसाच जपावा? जपणारे म्हणतात, की आतल्या भागांवर साच्याचे मूळ रूप शाबूत आहे. एकदा द्रावक लागले की ते गेले. जोडणारे म्हणतात, की खोक्यात बंद असलेली गाडी अजून गाडी झालेलीच नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, तरी खोक्यातला व्हिनाइलचा टायर त्यांच्या निर्णयासाठी थांबत नाही, हे आपण वर पाहिलेच.

‘एकात तीन’ संचांची एक देणगी मात्र दोन्ही पक्षांना उपयोगी पडते. तीन अवतारांपैकी एक निवडला, की उरलेल्या दोन अवतारांचे भाग शिल्लक राहतात : चाकांचे एखादे जोड, एक इंजिन, दोन बंपर, एखादी आसनांची जोडी. जुने कारागीर यांतले काहीच टाकत नसत. बिस्किटांच्या डब्यात, औषधांच्या पेट्यांत, कप्प्याकप्प्यांच्या खोक्यांत ते जमा होत गेले. आज एखाद्या घरातून असा डबा निघतो, तेव्हा त्याच्या तळाशी कधीकधी अशी जाळी किंवा असा फाळका सापडतो, ज्याचा पोलादी साचा कधीच कोरून पुढच्या सालचा झालेला आहे. रबराचा साचा घेणारे लोक अशा डब्यांच्या शोधात असतात, आणि डबा उघडण्यापूर्वी ते हात स्वच्छ धुऊन घेतात.